सात दारं सोडून

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी इकडे सुखरूप पोचले. भाऊजींना फोनवर सांगितलं होतं, पण त्यांनी ते ऐकलं असेल अशी माझी खात्री नाही. कोण बोलतंय, कोण बोलतंय, असं तेच मला विचारत राहिले आणि त्यांच्या आवाजाने माझा कान अजून ठणकतोय. शिवाय तुमच्याकडे फोन आला की तो ओळीतल्या अकराही खोल्यांना येतो. मी गुडघ्याचं काही बोलले असते तर संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीवर बायकांनी त्यावर औषध ठरवलं असतं. म्हणून म्हटलं, तुला पत्रच लिहावं. तीस वर्षं आपल्या दोन खोल्यांमध्ये एक फळीची भिंत होती. जावा-जावांना पत्राची वेळच आली नाही. तुझं अक्षर कसं आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही बघ.

घर चांगलं आहे. वरच्या मजल्यावरची खोली मला दिली आहे. ओळीतली माझी खोली तिच्यात दोनदा मावेल आणि वर चटई पसरायला जागा उरेल. न्हाणी माझी एकटीची. पहिल्या दिवशी सवयीने मी बादली घेऊन बाहेर नंबर लावायला उभी राहिले, तेव्हा सूनबाई हसली. वाईट नाही हसली, गोड हसली. मुलाने मला दाराची किल्ली दिली आणि म्हणाला, आई, तुला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. त्याने सगळा अभ्यास बाहेरच्या ओट्यावर लोकांच्या पायांत बसून केला, तुला आठवत असेल. कोणी चपला काढत होतं, कोणी तांदूळ निवडत होतं, आणि हा गणितं करत होता. तेव्हापासून त्याच्या मनात हे घर होतं म्हणे. मी दारावरून हात फिरवला. लाकूड चांगलं आहे.

आमचं ठरलं ते तुझ्या कानावर असावं. मार्चअखेरपर्यंत मी इथे राहून बघायचं. करमलं तर माझी तीन नंबरची खोली सोडून द्यायची. नाही करमलं तर एक एप्रिलला मी परत. तोवर किल्ली तुझ्या खुंटीला राहू दे, आणि दर गुरुवारी तेवढी खिडकी उघडत जा. ह्यांना जाऊन आता चौदा महिने झाले. कोंदलेली खोली त्यांना आवडायची नाही.

भाऊजींना सांग, ऐकू येत नाही तर निदान हो हो म्हणत जा, समोरच्याला बरं वाटतं.

मुलीला आणि मुलाला आशीर्वाद. पत्र टाकशील ना?

तुझी,
थोरली


१९ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. पोस्टमनने ते ओट्यावर सगळ्यांसमोर दिलं, त्यामुळे वाचायच्या आधीच मला चौघींनी विचारलं की थोरलीचं बरं आहे ना. मी बरं आहे म्हणून सांगितलं आणि मग पिठाच्या डब्यामागे उभं राहून वाचलं.

माझं अक्षर हे असं आहे. सातवीनंतर वाणसामानाच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही. हसू नका.

इकडे तुमच्या बंद दाराने गोंधळ घातला. आपल्या ओळीची रीत तुम्हाला सांगायला नको. उजाडलं की प्रत्येकाने दार हातभर उघडून वीट लावायची, आणि ज्याचं दार बंद दिसेल त्याचं ठोठवायचं. तुम्ही गेलात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तीन दिवस सकाळी कोणी ना कोणी तुमचं दार वाजवून गेलं. अकरा नंबरच्या घड्याळवाल्यांनी तर कुलूप दिसत असताना ठोठवलं. मग स्वतःच म्हणाले की हाताला सांगायचं राहिलं.

ह्यांच्याकडे कामाची घाई आहे. शाळेच्या वह्या बांधायचं मोठं काम आलंय. खोलीत पुठ्ठे, ओट्यावर पुठ्ठे, खळीचा वास अंथरुणात. मुलीची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आहे, ती कानात कापूस घालून बसते. मुलगा म्हणतो मी कुठे झोपू. मी म्हटलं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये झोप, सकाळी तुझंही पुस्तक होऊन निघेल.

खिडकी उघडते. काळजी नसावी. लिहायला बसले की कोणीतरी हाक मारतं, आता पुन्हा मारली. थांबते.

तुमची,
धाकटी


२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर सुरेख आहे. जरा डावीकडे कलतं, दाराशी उभं राहून कोणी आत डोकावावं तसं.

मी इथे एक घोळ घातला तो ऐक. मुलगा आणि सूनबाई सातला कामावर जातात. ते गेले की मी खाली येते, दार हातभर उघडते आणि त्याला वीट लावते. कुंडीखालची एक वीट मिळाली होती. मुद्दाम केलं असं नाही. हात आपोआप गेला. दार बंद ठेवून बसायचं म्हणजे आपण आजारी आहोत, नाहीतर भांडून बसलो आहोत, असंच आजवर मनात बसलेलं.

समोर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांचा एक म्हातारा कुत्रा आहे. त्यांनी तीन दिवस ते उघडं दार बघितलं. चौथ्या दिवशी त्यांनी मुलाला कामावर फोन केला की तुमच्याकडे चोरी झालेली दिसते, दार फोडलंय. ते आत येऊन विचारते तर मी चहा टाकला असता. पण इथे कोणी कोणाच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, दार उघडं असलं तर मुळीच नाही. मुलगा हातातलं काम टाकून दोन पहारेकऱ्यांना घेऊन धावत आला. मी जेवणाच्या टेबलाशी डोळ्यांवर चष्मा लावून पुस्तक वाचत होते. पहारेकऱ्याच्या हातात काठी, माझ्या हातात पुस्तक. कोण कोणाला जास्त घाबरलं सांगता येणार नाही.

मुलगा रागावला नाही. जिन्याच्या पायरीवर बसून पाणी प्यायला. मला म्हणाला, आई, मला वाटलं तुला काही झालं. मी त्याला सांगितलं की मला काही झालं नाही हे कळावं म्हणूनच तर दार उघडं होतं. त्याला ते कळलं, तो त्याच ओळीत वाढला आहे. पण समोरच्यांना ते कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी त्याने माणूस बोलावून दाराला स्प्रिंग लावून घेतली. आता दार आपलं आपण मिटतं. मी फक्त आत आहे की बाहेर तेवढं बघायचं.

वाचायला इथे खूप आहे. मुलाने माझ्यासाठी कपाट भरून पुस्तकं आणली आहेत, सबंध पुस्तकं. तुला माहीत आहे मी कशी वाचायला शिकले. तुझे भाऊजी छापखान्यातून फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापलेले मोठे कागद, आणायचे आणि मी ते दुमडायला बसायची. दुमडता दुमडता अक्षर लागत गेलं. एका फर्म्यात सोळा पानं, त्यामुळे माझी गोष्ट सोळा पानांच्या पुढे कधी गेली नाही. कोणाचं लग्न ठरायचं आणि फर्मा संपायचा. पुढे काय झालं ते मी ह्यांना विचारायची आणि हे काहीतरी ठोकून द्यायचे. आता सबंध पुस्तकं हाताशी आहेत आणि माझं मन सतराव्या पानावर उठून जातं. इतक्या शांततेत मला वाचता येत नाही. पलीकडून भाऊजी पुठ्ठा आपटत आहेत, तू कोणावर तरी ओरडते आहेस, असं असलं की डोळा ओळीवर नीट बसायचा.

दुपार लांब असते. चारपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललेली नसते. मग सूनबाई आल्यावर पहिला शब्द घोगरा निघतो आणि ती विचारते, आई, सर्दी झाली का.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
थोरली


१२ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पहारेकऱ्यांचं वाचून मी एकटीच हसले. हे म्हणाले काय झालं, तर मी सांगितलं नाही. तुमचं पत्र मी हल्ली कोणाला वाचून दाखवत नाही.

बातमी एकच. घड्याळवाले महिनाअखेर मुलीकडे जाणार आहेत कायमचे. हात थरथरतो, बारीक काम होत नाही. अकरा नंबर रिकामी होईल. ती कोण घेणार? टाकीला लागून, भिंतीला ओल, आणि खिडकी उघडली की समोर नुसती टाकी. मालक म्हणतो, ओळीतलं कोणी बदलून मागितली तरी माझी ना नाही.

तुमची खोली स्वच्छ आहे. खिडकी मी आता रोज उघडते. थोरल्या भाऊजींचा फोटो पुसते. तुम्ही खोलीची काळजी करू नका. तिकडे मोकळी हवा आहे, तब्येत सुधारेल. घाई करू नका.

तुमची,
धाकटी


२६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

माझं ठरलं. मी एक एप्रिलला परत येते. मुलाला अजून सांगितलं नाही, तुला आधी सांगते.

त्यांच्याकडून काही उणं नाही. सूनबाई लेकीसारखी वागते. पण ती दोघं आपलं दार लोटून बसतात, मी माझं दार लोटून बसते, आणि मधे एवढं मोठं स्वच्छ घर नुसतं उभं असतं. परवा माझ्या हातून ताट पडलं. जिन्यावरून गडगडत खाली गेलं, केवढा आवाज. मी वाट बघत राहिले. कोणी आलं नाही. येणार कोण, घरात कोणी नव्हतंच. मग मी खाली जाऊन ताट उचललं. ओळीत चमचा पडला तरी तिघं विचारतात.

मला त्या भिंतीची सवय आहे ग. तुमच्या घरात काय चाललंय ते मला सांगावं लागायचं नाही. तुझं आणि भाऊजींचं वाजलं की मला कळायचं, आणि सकाळी मी तुला पाणी आलं का एवढंच विचारायची. मुलीच्या आधीचं तुझं बाळ गेलं, तू दवाखान्यातून घरी आलीस, त्या दुपारी तू रडायला लागलीस आणि तुझा दुसरा हुंदका यायच्या आत मी गरम दूध घेऊन तुझ्यापाशी होते. ते मी आठवते आणि मला बरं वाटतं. दोन बिऱ्हाडं म्हणायला. घर एकच होतं.

एक गोष्ट तुला कधी विचारली नाही, आज विचारते, कारण लिहिताना तोंड दिसत नाही. हे गेले त्या दुपारी ह्यांचा खोकला थांबला. आठ महिने अख्ख्या ओळीने तो खोकला ऐकला. तो थांबल्यावर पाऊण तास माझ्याकडे कोणीही आलं नाही. तूसुद्धा नाही. मी हाक मारली तेव्हा आलात. मी मनात धरलेलं नाही असं म्हणत होते, पण धरलेलं आहे. तू कुठे होतीस?

हे एवढं सोडलं तर माझी तुझ्यावर काही तक्रार नाही. खोली झाडून ठेव. पाणी भरू नकोस, मी आल्यावर बघेन.

येतेच आहे,
थोरली


१२ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. फोन केला तर भाऊजी सगळं ठीक, सगळं ठीक, असं तीनदा ओरडले. मग मुलीने फोन घेतला. तिला विचारलं आई कुठे आहे, तर ती म्हणाली, मोठी आई, ती तुमच्या खोलीत आहे, कडी लावून बसली आहे, रोज बसते. आणि मग तिने घाईने फोन ठेवून दिला, जसं काही बोलू नये ते बोलली.

माझ्या खोलीत कडी लावून तू काय करतेस? कोणाशी भांडलीस का? आजारी आहेस का? की मी त्या पाऊण तासाचं विचारलं त्याचा राग आला? राग आला असेल तर रागाचंच पत्र लिही. इथे पोस्टाच्या पेटीत नुसती जाहिरातीची कागदं पडतात, तीही मी वाचते.

काळजीत,
थोरली


१७ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्याच खोलीत, कडी लावून लिहिते आहे. तीनदा लिहून फाडलं. तुम्ही मोठ्या आहात, चुकलं तर पदरात घ्या.

पहिल्या गुरुवारी मी खिडकी उघडायला आले. वाऱ्याने मागे दार आपटलं आणि मी आत राहिले. उघडायला गेले आणि तशीच थांबले. खोलीत कोणी नव्हतं. वहिनी, मी लग्नाआधी सात भावंडांत होते, लग्नानंतर ह्या ओळीत. एका खोलीत मी एकटी आणि दार बंद, असं मला आठवत नाही. मी खाली बसले. काही केलं नाही. माझे हात बघितले. अर्ध्या तासाने हाक आली तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आता रोज दोन ते तीन येते. घरात सांगते की थोरलीच्या खोलीला ओल आली आहे, पुसायला जाते. हे म्हणाले, एवढी पुसतेस तर भिंत झिजून वहिनी आपल्याच खोलीत येतील.

तुम्ही येते म्हणून लिहिलंत आणि मी बोटांवर उरलेल्या दुपारी मोजल्या. तुम्ही याल ह्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी दुपारी मोजल्या. आपली माया असून असं कसं वाटतं ह्या लाजेने पंधरा दिवस पत्र लिहिलं नाही.

आता तुम्ही लिहिलंत त्याबद्दल. दुधाचं. तुम्ही दूध आणलंत, माझ्याजवळ बसलात, पेला रिकामा होईपर्यंत हलला नाहीत. दूध निवेल म्हणून मी रडणं थांबवलं. पेला धुतला. मग स्वयंपाकाची वेळ झाली. तुमची माया होती, मी कृतघ्न नाही. पण मला पुरतं रडायला मिळालं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधी नाही. हुंदका आला की मी आधी भिंतीकडे बघायची. आमचं भांडण झालं की सकाळी तुम्ही पाणी आलं का विचारायच्या, आणि तुम्हाला सगळं माहीत आहे हे मला कळायचं. तुम्हाला ते एक घर वाटलं. मला रोज सकाळी तुमच्यासमोर उघडं उभं राहिल्यासारखं वाटलं. तीस वर्षांत हे मी तुम्हाला कसं सांगणार होते? कुजबुजले असते तरी ओळीला ऐकू गेलं असतं.

मागच्या महिन्यात इथे बसून मी त्या बाळासाठी रडले. चार दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी आपोआप थांबलं. कोणी थांबवलं नाही.

आता पाऊण तासाचं. तुम्ही विचारलंत मी कुठे होते. वहिनी, मी तुमच्या दाराबाहेर होते. खोकला थांबला तेव्हा माझ्या हातात खळीचं भांडं होतं. मला कळलं. ह्यांना ऐकू येत नाही, त्यांना मी खुणेने सांगितलं. बाहेर येऊन तुमचं दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. सगळे आले होते. घड्याळवाले आले, टाकीवरच्या बायका आल्या, हे आले. मी कोणाला आत सोडलं नाही. मला वाटलं, आठ महिने ह्या बाईला तिच्या नवऱ्याजवळ बसून एक शब्द एकटीने बोलता आला नाही. सतत कोणीतरी फळं घेऊन, कोणीतरी सल्ला घेऊन. निदान आता ती हाक मारेपर्यंत तिला एकटीला असू दे. मला स्वतःला जे हवं असतं तेच मी तुम्हाला दिलं. तुम्हाला ते टाकून दिल्यासारखं वाटेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. चुकलं असेल.

खोली तुमची आहे. किल्ली खुंटीला आहे. एक तारखेला या, मी झाडून ठेवते. वरचं सगळं वाचून झालं की फाडून टाका.

तुमची अपराधी,
धाकटी


२५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. फाडणारही नाही.

खरं सांगायचं तर आधी मला फार लागलं. दूध मी इतकी वर्षं माझ्या पुण्यात धरून बसले होते. दोन दिवस तुझ्यावर चिडले, मनातल्या मनात तुला बरंच बोलले. इथे तेवढी सोय आहे, कितीही बोला. तिसऱ्या दिवशी दुसरंच लक्षात आलं. इथे मला हवं तेवढं रडायला मिळतं. दार मिटलेलं, घर रिकामं, दूध आणणारं कोणी नाही. तुझं चार दुपारींत संपलं. माझं संपत नाही. कोणी थांबवेल तर थांबेल अशी मी वाट बघत असते. म्हणजे तुला जे औषध ते मला लागू पडत नाही, आणि माझं औषध मी तुला बळे पाजत राहिले. दोघींचा आजार एकच धरून चालले, ही माझी चूक.

आणि तो पाऊण तास. तू दाराबाहेर होतीस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं ओळीने मला टाकलं. त्या वेळात मी काय केलं ते कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांचे केस विंचरले. नखांत खळ अडकलेली असायची नेहमी, ती काढली. आजारात काम बंद होतं तरी थोडी होतीच. मग मी त्यांच्याशी बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा आवाज न दाबता बोलले. त्यांना रागेही भरले, की सोळा पानांच्या पुढचं तुम्ही मला कायम खोटं सांगितलंत. सोळा महिने मी त्या पाऊण तासावर जगते आहे, आणि तो कोणी दिला हे मला आत्ता कळलं.

तर आता ऐक, आणि मधे बोलू नकोस. मी मालकाला पत्र टाकलं आहे. तीन नंबर धाकटीच्या नावावर करा आणि मला अकरा नंबर द्या म्हणून. ही उपकाराची फेड नाही, असलं काही मनात आणू नकोस. मला तीन नंबरमध्ये राहून तुझ्या दोन ते तीनकडे कान लावून बसता येणार नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. भिंत पातळ असली की मी दूध घेऊन येणारच. म्हणून जरा लांब बरी.

मुलाला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, आई, मी हे सगळं तुझ्यासाठी केलं, आणि तू टाकीशेजारच्या ओलीच्या खोलीत जाणार. लोक काय म्हणतील हे तो बोलला नाही, बोलला असता तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, घर मोठं आहे रे, कमी नाही. मीच लहान मापाची निघाले. सूनबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग तिघंही टेबलाशी बराच वेळ बसलो, तीन महिन्यांत पहिल्यांदा इतका वेळ. जायचं ठरल्यावर माणसं जवळ बसतात.

एक तारखेला मला घ्यायला येऊ नकोस. सामान लावायलाही येऊ नकोस. माझं मी लावेन.

माया कमी झालेली नाही, जागा बदलली आहे, असं समजावं.

थोरली


१४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

ओळीतल्या ओळीत पत्र टाकलेलं बघून पोस्टमन मला हसला. म्हणाला, आजी, सात दारं चालत गेलात तर फुकट पोचेल. मी म्हटलं, चालत नेलं तर ते पत्र राहत नाही. चालत आलेल्या माणसाला आत घ्यावं लागतं, बसायला द्यावं लागतं. पत्र खुंटीला अडकवून ठेवता येतं, मन झालं की वाचता येतं.

दोन आठवडे होत आले. आपण ओट्यावर चारदा भेटलो आणि चारही वेळा बरं आहे ना एवढंच बोललो. तू जरा बिचकतेस. मीही बिचकते. होईल हळूहळू. नाही झालं तरी चालेल.

खोलीचं सांगते. ओल आहे, लपवण्यात अर्थ नाही. ह्यांचा फोटो कोरड्या भिंतीवर लावला. खिडकीतून टाकीच दिसते, पण तिच्यावर दिवसभर बायका असतात, त्यामुळे तिला बघण्यासारखं तोंड आहे. दहा नंबरवाल्यांचं भांडण मला स्पष्ट ऐकू येतं. सकाळी मी त्यांना काही विचारत नाही. पाणी आलं का हेसुद्धा नाही. शिकते आहे ह्या वयात.

भाऊजी परवा करवत घेऊन निघाले होते, तीन आणि चारच्या मधल्या फळीत दार पाडायला. मला विचारायला आले म्हणून बरं. मी सांगितलं, त्या फळीवर छपराचा भार आहे, हात लावू नका. भार कसला, तिच्यावर वाळवीचासुद्धा भार नाही. पण थोरल्या वहिनीचा शब्द म्हणून ते परत गेले. तुझ्या खोलीला तुझंच दार राहू दे, ओट्यावर उघडणारं, आतून कडी असलेलं. मुलीला अभ्यासाला दे, मुलाला झोपायला दे, पण दोन ते तीन कोणाला देऊ नकोस.

काल दुपारी मी भाऊजींकडे फर्मे मागायला निघाले होते. हात रिकामे आहेत, म्हटलं घरबसल्या दुमडून देईन. तुमच्या चार नंबरशी पोचले तोच पलीकडच्या तीन नंबरमधून आवाज आला. रडण्याचा की हसण्याचा, ते कळलं नाही. मी पुढे होऊन तीनच्या दाराशी उभी राहिले. हात दारावर गेला होता, ते तुझ्यापासून लपवत नाही. मग तो मी पदरात गुंडाळला आणि परत फिरले. परतीची आठ दारं मला फार लांब पडली. मुलाच्या गावाहून इथे येताना एवढं लांब वाटलं नव्हतं. फर्मे आणायचे राहिले ते राहिलेच.

खोलीत येऊन बसले. तू काय करते आहेस ते मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी तुझ्याविषयी विचार करत बसले, तेही बहुधा पहिल्यांदा. ऐकू येत होतं तेव्हा विचार करायची गरज पडली नव्हती.

तू यायला हवंस असं नाही. यावंसं वाटलं तर ये, दूध मिळणार नाही, चहा मिळेल. नाही आलीस तरी मी इथेच आहे. पूर्वी हे भिंतीतून ऐकू जायचं. आता जात नाही, म्हणून लिहून कळवते.

अकरा नंबरहून,
तुझी
थोरली